टवका

घरं हलवण्याच्या धंद्यात मुकादमबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. त्यांच्या देखरेखीखाली गेलेल्या एकाही कपाटाला आजवर ओरखडा पडला नव्हता. गिऱ्हाइकाला तर त्या पहिल्याच भेटीत दम भरायच्या, "पहिल्या रात्रीची पेटी वेगळी भरा. चादरी, औषधं, साबण, टॉवेल, चहाचं भांडं, एखादा बल्ब. ती शेवटी चढेल आणि आधी उतरेल. नाहीतर नव्या घरात टूथब्रशसाठी अख्खा ट्रक उपसत बसाल!"

आज घर त्यांचं स्वतःचं होतं. पेटी कधीच भरून झाली होती. तिच्यात मावत नव्हता तो फक्त आईचा रस्ता.

आईची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी जुन्या घरात ती पलंगावरून उठायची, खुर्चीची पाठ धरायची, मग कपाट चाचपत एकटी बाथरूमला जायची. कुणी हात धरलाच तर झटकून टाकायची. घर बदलायचं ठरलं तेव्हा तिने बजावलं होतं, "बाथरूमला जायला तुला हाक मारायची वेळ आली, तर मी दादाकडे जाणार. तिथे पगारी बाई आहे. पोटच्या पोरीपुढे मिंधी होऊन मला राहायचं नाही."

मुकादमबाईंनी ते हसण्यावारी नेलं, पण मनातून त्या हादरल्या होत्या. दिवसभर लोकांचे संसार उचलून दमूनभागून परतल्यावर "आलीस का गं?" असं विचारणारं त्यांना आईशिवाय कुणी नव्हतं.

म्हणून घर शोधतानाच बाथरूमचं दार जुन्या घरासारखं त्याच हाताला असलेली खोली त्यांनी हेरली होती. जुन्या खोलीतली अंतरं सुतळीने मापून आणली होती. पलंग, खुर्ची, कपाट हे सगळं आधी लावलं, मग बाकीचं सामान. वर एक नवलाई म्हणून कपाट आदल्या दिवशी, आई दादाकडे राहायला गेल्यावर, सुताराकडे धाडलं होतं. ते तिथूनच नव्या घरी आलं, आरशासारखं चकचकीत. मुकादमबाई स्वतःवरच खूश होत्या.

संध्याकाळी दादा गाडीतून आईला घेऊन आला. तिची बॅग मात्र त्याने गाडीतच ठेवली. "ती वर आणायची की नाही, ते आई ठरवेल," तो म्हणाला. मुकादमबाईंनी भावाकडे पाहून नाक मुरडलं. हमालांचा म्होरक्या लंबूसुद्धा दाराशी रेंगाळला.

आई पलंगावर बसली, उठली. खुर्चीची पाठ बरोब्बर हाताला लागली. मुकादमबाईंनी दादाकडे ऐटीत पाहिलं. मग आईचा हात कपाटावर आला. पुढे सरकला, मागे आला, पुन्हा पुढे गेला आणि थांबला.

"हे कुणाचं कपाट?"

"आपलंच, आई."

"आपलं नव्हे. आपल्या कपाटाला टवका आहे. तिथे वळायचं असतं."

तो टवका वडिलांनी पाडला होता, भाड्याच्या पहिल्या घरात कपाट एकट्याने जिन्यावरून चढवताना. आपल्यासारखीच्या घरात असला डाग शोभत नाही, म्हणून मुकादमबाईंनीच हौसेने सुताराकडून पुट्टी भरून तो बुजवून घेतला होता. आई मध्येच उभी होती, हात हवेत. दादा पुढे झाला.

"दादा, तिला हात लावू नकोस! लंबू, हातोडी दे."

"बाई, पॉलिश अजून ताजं आहे!"

"पॉलिश गेलं खड्ड्यात. आई, कुठे होता सांग."

आईने कमरेच्या उंचीवर अंगठा टेकवला. मुकादमबाईंनी तिचा हात बाजूला केला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका कपाटावर हातोडी घातली. ढलपी उडाली. लंबूने डोळे मिटून घेतले. कुसळं टोचू नयेत म्हणून त्यांनी काचपेपर फिरवला. आईने चाचपलं.

"अजून खोल. तुझ्या बापाने चांगलाच धडकवला होता."

दुसरा घाव बसला. पुन्हा काचपेपर फिरला. आईचा अंगठा टवक्यात बसला, तशी ती वळली आणि तडक चालत गेली. बाथरूमच्या दाराची कडी आतून लागली. बाहेर मुकादमबाईंना रडू येत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

कडी निघाली. आई त्याच वाटेने परत येऊन पलंगावर बसली.

"दादा, माझी बॅग वर आण," ती म्हणाली. "आणि ही म्हणे लोकांची घरं हलवते! पहिल्याच दिवशी घरच्या कपाटाचा टवका उडवला."