नाव नसलेल्यांचा नियम

धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात अस्मिता संगणकाचं काम बघायची. रक्त तपासणाऱ्या यंत्रातून निकाल एक्सएमएलमध्ये यायचे, म्हणजे खुणांमध्ये गुंडाळलेले आकडे आणि नावं. त्यांचा माणसाला वाचता येईल असा कागद कसा करायचा, याचे नियम एका स्टाइलशीटमध्ये होते. ती गिरिधरकाकांनी चौदा वर्षांपूर्वी लिहिली होती. काका निवृत्त झाले, नियम मात्र कामावरच राहिले.

पण प्रत्येक रिपोर्टसाठी संगणक ते सगळे नियम पहिल्यापासून वाचत बसायचा आणि रिपोर्ट देण्याच्या खिडकीपुढची रांग हलायची नाही. म्हणून अस्मितानं स्टाइलशीट कंपाइल करायला घेतली; एकदाच प्रोग्रॅम बनवायचा, की तो थेट धावेल.

कंपायलर एका ओळीवर अडला. एकाच जागी दोन नियम लागू होत होते. जुनी व्यवस्था अशा वेळी मुकाट्यानं शेवटचा नियम घ्यायची. कंपायलरला मात्र दोन्हींतला एकच नियम ठरवून हवा होता. पहिला नियम सांगायचा, नाव नसेल तर ‘नाव उपलब्ध नाही’ छापा. दुसरा लांबलचक आणि किचकट होता. अस्मितानं दुसरा उडवला. प्रोग्रॅम तयार झाला, चाचणीचे शंभर रिपोर्ट चहा गार होण्याआधीच निघाले.

ती खूश होऊन कागद चाळू लागली आणि थांबली. नवजात बाळांच्या वॉर्डातल्या दोन रिपोर्टांवर ‘नाव उपलब्ध नाही’. एकात कावीळ होती, दुसऱ्यात नव्हती. कोणतं बाळ कोणाचं?

तिनं काकांना फोन लावला. जरीपटक्याहून काका स्कूटरवर अर्ध्या तासात हजर.

“काहून वं, माह्या लेकराले कापून राहिली का?” ते हसत म्हणाले. पण उडवलेला नियम दिसताच खुर्चीत बसले. “तान्ह्या बाळाले नाव कुठं असते? हा नियम मायचं नाव शोधून आणते. पयल्या वर्षी एक बाई माह्यापुढं रडली, अस्मिता. म्हणे, साहेब, यातलं माहं कोणतं? त्याच रात्री लिहिला.”

“मले वाटलं, फालतू आहे,” अस्मिता खाली बघत म्हणाली.

“तुही काय चूक? मीच टीप लिहायची होती. मले वाटलं, मी तं इथंच राहणार.”

दोघांनी मिळून पहिला नियम काढला, दुसरा ठेवला आणि त्यावर सरळ मराठीत टीप लिहिली. पुन्हा कंपाइल केलं. कागद निघाला: ‘पंचफुला यांचे बाळ’. त्या आठवड्यातच नवा प्रोग्रॅम खिडकीवर लागला.

पण त्या दिवशी जाताना काका दारात घुटमळले होते.

“एक विचारू का? हे कंपाइल कसं करते, मले शिकवशील?”

अस्मितानं शेजारची खुर्ची ओढली. “बसा न काका.”