शेजारची सीट

साठी उलटलेला माणूस दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार बघायला निघाला, की लोकांना त्यात म्हातारचळाशिवाय दुसरं काही दिसत नाही. ड्रायव्हरला हे ठाऊक होतं, म्हणून त्याने शेजारीपाजारी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. फक्त मुलीला फोनवर सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, घ्यायचीच तर चार दारांची घ्या. आईला बसायला-उठायला बरी पडेल." सल्ला शहाणपणाचा होता. ड्रायव्हरने तो एका कानाने ऐकला आणि दुसऱ्या कानाने सोडून दिला.

त्याला घरातही ड्रायव्हरच म्हणत. आयुष्यभर त्याने शहरातली बस चालवली. बायको त्याच डेपोत कंडक्टर होती. बसवाले कंडक्टरला मास्तर म्हणतात, तसं तोही तिला मास्तर म्हणायचा, आणि लग्न झालं म्हणून ते बदलायचं त्याला काही कारण दिसलं नाही. तरुणपणी दोघं एकाच बसवर होते. तो पुढे, ती मागे, मध्ये जाळी, आणि बोलणं काय ते घंटीच्या दोरीने. एक वाजली की थांबायचं. दोन वाजल्या की निघायचं. तीन म्हणजे बस भरली, आता वाटेत कुणासाठी थांबू नका. तीन वाजल्या की तो थांब्यावरच्या उंचावलेल्या हातांसमोरून बस खुशाल पुढे काढायचा. बस खरंच भरलीय का, हे त्याने कधी मागे वळून पाहिलं नाही. मास्तरने सांगितलं म्हणजे भरली. बस पुढे न्यायची हे त्याचं काम, मागचा कारभार मास्तरचा.

लग्न झालं आणि डेपोच्या नियमाप्रमाणे नवरा-बायकोला एका बसवर ठेवेनात. तिची सकाळपाळी तर त्याची दुपारपाळी. तिची साप्ताहिक सुट्टी एका दिवशी, त्याची दुसऱ्याच. भर रस्त्यात बसला बस भेटली की तो हात वर करायचा, आणि गर्दीतून दिसलीच तर तीही. दोघांना मिळून सुट्टीचा असा रविवार काही लाभला नाही. त्याचं त्यांनी फार मनावरही घेतलं नव्हतं, कारण निवृत्तीनंतर सगळे रविवारच आहेत असं दोघांनी धरलं होतं.

निवृत्ती आली आणि मास्तरचं हृदय थकलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. ऑपरेशन झेपणार नाही, औषधांवर काही महिने जातील, वर्षाचं सांगता येत नाही. घरी आल्यावर चपला जागच्या जागी ठेवत मास्तर म्हणाली, "म्हणजे रविवार जपून वापरायला हवेत, ड्रायव्हर." ती हसून बोलली. त्याला हसता आलं नाही.

मग त्याला आठवलं. कधीतरी सिग्नलला त्यांच्या बसशेजारी कापडी टप उघडलेली एक बुटकी लाल गाडी येऊन थांबली होती, आणि डेपोत परतल्यावर मास्तर पाय चोळत म्हणाली होती, "मलाही असा वारा खायचाय. पण बसून. उभ्याने पुष्कळ खाल्ला." अशा गाड्या आपल्या आवाक्याबाहेर असतात असा त्याचा समज होता. चौकशी केल्यावर कळलं की तसं नाही, तशीच एक विकायलाही आहे. शौकिनांना याहून जुनी हवी असते, संसारी माणसांना मागची सीट हवी असते. मधल्या वयाची ही गाडी कुणालाच नको होती, म्हणून ती पेन्शनीत बसत होती.

गाडी दातांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची होती. ड्रायव्हरने ती अशी तपासली की डॉक्टर स्टूल घेऊन बघतच बसले. त्याने बॉनेटवर हात ठेवून इंजिन आधी गरम करून ठेवलेलं नाही ना याची खात्री केली. थंड इंजिन चालू करायला लावून मागे जाऊन धूर बघितला. लांबी-पुट्टी भरून कुठे गंज झाकलाय का ते बघायला दारावरून लोहचुंबक फिरवलं. क्लच, गिअर, ब्रेक, स्टिअरिंगचा ढिलेपणा, सगळं झालं. शेवटी आत बसून सीट मागेपुढे केली आणि आरशात आपला चेहरा आला तेव्हा लाजून आरसा सरळ केला.

"दुसऱ्या बाजूनेही बघून घ्या ना," डॉक्टर म्हणाले. "त्या सीटवर माझ्या बॅगेशिवाय कुणी बसलं नाही. तिकडचं मला काही माहीत नाही."

"बघितलं सगळं," ड्रायव्हर म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याच्या हिशेबी गाडी बघून झाली होती.

गाडी घराखाली आली तेव्हा मास्तर खिडकीत होती. कठड्याला धरत, मध्ये दम खात ती जिना उतरली. तिच्या चेहऱ्यावर त्याने इतक्या दिवसांत असा आनंद पाहिला नव्हता. गाडीला तिने एक चक्कर मारली. मग शेजारचं दार उघडून ती आत वाकली आणि पाळी सुरू व्हायच्या आधी करायची तसं सीटखाली बघितलं, फटीत हात घातला, पायाखालची चटई उचलली.

"अहो ड्रायव्हर," ती म्हणाली, "माझ्या पायाखाली रस्ता दिसतोय."

तो दुसऱ्या बाजूने धावत आला. चटईखालचा पत्रा कुजून गेला होता. टपाची तिकडची शिवण उसवली होती, पाणी वर्षानुवर्षं मुरलं होतं, आणि भोकातून खालचं डांबर स्वच्छ दिसत होतं. मास्तर आधी हसली. हसता हसता तिला दम लागला आणि ती दाराला धरून उभी राहिली.

"गाडी कुणासाठी घेतली?"

"तुझ्यासाठी."

"आणि माझ्या बाजूला एकदाही आला नाहीत?"

ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती चिडली नाही, नुसती वळली आणि जिना चढू लागली. तो मागे गेला तर म्हणाली, "राहू दे, चढते मी." पायरीपायरीवर थांबत ती वर गेली, आणि खाली उभ्या ड्रायव्हरला तिचा श्वास ऐकू येत राहिला.

दुसऱ्याच दिवशी तो गाडी घेऊन पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटरकडे गेला. डेंटर म्हणाला, "ठेवून जा, पुढच्या महिन्यात बघू." त्याच आठवड्यात मास्तरच्या फुप्फुसात पाणी झालं आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. ड्रायव्हर तिथून थेट वर्कशॉपवर आला. ज्या माणसाने जन्मात कुणाची मनधरणी केली नाही, तो वेल्डिंगच्या ठिणग्यांसमोर उभा राहून म्हणाला, "माझी बायको जायला टेकलीय. त्याआधी मला तिला या गाडीत बसवायचंय. बाकी काही नाही."

डेंटरने तोंडावरची काच वर केली, त्याच्याकडे बघितलं, आणि हातातली गाडी बाजूला ढकलायला सांगितलं.

पत्रा कापून नवा बसला, शिवण घातली गेली. "चला, फिरवून बघा," डेंटरने किल्ली पुढे केली. ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही चालवा. मी तिकडे बसतो."

आणि तो बसला. दुसरा माणूस गाडी चालवतोय आणि आपण शेजारी, असं त्याच्या वाट्याला क्वचितच आलं होतं. सीट इतकी खचलेली की समोर डॅशबोर्डशिवाय काही दिसेना. काचेचा दांडा हातात निखळून आला. वळणावर धरायला काही नव्हतं आणि त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. त्याला चक्क भीती वाटली. शेजारी बसणाऱ्याला विश्वास ठेवण्यापलीकडे काही काम नसतं, हे त्याला त्या वयात कळलं. मास्तरने त्याच्या मागे तोल सांभाळत उभं राहून हेच तर केलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि डेंटरला दिसू नये म्हणून तो बाहेर बघत राहिला.

संध्याकाळी तो दवाखान्यात तिच्या पलंगाशी बसला. "तुझ्या बाजूला बसून आलो," म्हणाला.

"कशी आहे?"

"वाईट. सीट खचलीय. काही दिसत नाही. धरायला काही नाही. माझं चुकलं, मास्तर."

ती म्हणाली, "सीट उंच करून घ्या. आणि दांडी लावा. उभी नाही राहणार, पण दांडी हवी. हाताला सवय आहे."

ती घरी आली तेव्हा निम्मी झाली होती. डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर न्या, पण थोड्या वेळासाठी, आणि दमली की लगेच परत फिरा. रविवारी सकाळी डेंटर स्वतः आला. दोघांनी तिला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. "सांभाळून हो, मी फुकट प्रवासी नाही," ती डेंटरला म्हणाली. गाडीत बसायच्या आधी तिने चटई उचलायला लावली, वाकून नव्या काळ्या पत्र्यावर बोटाने वाजवून बघितलं आणि मान हलवली. मग ती बसली. समोरच्या काचेतून तिला रस्ता दिसत होता. हात दांडीवर गेला.

ड्रायव्हरने इंजिन चालू केलं आणि नुसता बसून राहिला.

"काय झालं?"

"बेल नाही मिळाली."

मास्तरने बोटातली अंगठी दांडीवर दोनदा वाजवली. गाडी निघाली.

पहिल्याच कोपऱ्यावर त्याने एवढं मोठं वळण घेतलं की समोरचा सायकलवाला थांबून बघू लागला. "मागे बस नाहीये, ड्रायव्हर," ती म्हणाली. शहर संपेपर्यंत ती थांबे ओळखत होती. इथे शाळेची पोरं चढायची, इथे ती केळीवाली फुकट यायची. रस्ता मोकळा झाला तशी ती बोलायची थांबली. टप उघडा होता. तिचे पांढरे केस सुटून वर उडत होते आणि ते सावरायचा तिने प्रयत्न केला नाही.

बंद पडलेल्या पेट्रोल पंपापाशी परत फिरायचं, असं ठरलं होतं. पंप दिसला. ड्रायव्हरने गिअर खाली आणला, इंडिकेटर दिला. तिने सुस्कारा सोडल्यासारखं त्याला वाटलं आणि त्याने वेग आणखी कमी केला. मागून मोटारी निघून जात होत्या.

दांडीवर अंगठी वाजली. एकदा. दुसऱ्यांदा. आणि तो थांबायचं की निघायचं हे ठरवतोय तोच तिसऱ्यांदा.

तीन वाजल्यावर मागे बघायची त्याची रीत नव्हती. या वेळी त्याने मान वळवून बघितलं. मास्तर डोळे मिटून वाऱ्यात तोंड करून बसली होती. ओठ निळसर पडले होते, छाती भराभरा वरखाली होत होती, आणि ती दमली होती हे कुणालाही दिसलं असतं. तिच्या तोंडावर हसू होतं. दोन सीटा होत्या आणि दोन माणसं. मास्तरने चुकीची बेल दिली नव्हती.

ड्रायव्हरने इंडिकेटर बंद केला आणि पंप मागे जाऊ दिला.