दहापासून मोजणारा टेप

आईची चाकाची खुर्ची बाहेर काढता यावी म्हणून सुतारानं दारापुढं सिमेंटचा उतार केला, तर पालिकेच्या माणसानं नुसत्या नजरेनं मापून तो तोडायची नोटीस लावली. सुतारानं अपील केलं. आज सुनावणीची चौथी तारीख. बाकावर बसून बसून नवराबायको दोघंही आंबून गेले होते.

"उतार रस्त्यावर यायची मर्यादा एक मीटरची," साहेब म्हणाले. "तुमच्याच अर्जात एक मीटर दहा सेंटीमीटर लिहिलंय. मग भांडताय कशाला?"

सुतारानं बायकोकडं पाहिलं. माप तिनंच घेतलं होतं, त्याच्या टेपानं.

"अगं, तो टेप पुढून दहा सेंटीमीटर तुटलाय! मी मनातल्या मनात दहा वजा करतो."

"वीस वर्षांत एकदा तरी बोललात का?"

साहेबांना हसू आलं, पण तेही दमलेलेच होते. "आमचा माणूस टेप घेऊन येईल. पुढची तारीख घ्या."

"तोवर तोडणार नाही ना?"

"नाही."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "आता तरी नवा टेप घ्या."

"घेतो गं. आधी घरी चल, आईला जरा उन्हात फिरवून आणू. आजच्या दिवस उतार आपला आहे."