केशरी फुलांचा बंदोबस्त

निरीक्षकाच्या बुटांना सकाळपासूनचा चिखल चिकटला होता. दोन रोपवाटिका उरकल्या होत्या, तिसरी त्याच्या थोरल्या बहिणीची. सहकाऱ्याला धाडता आलं असतं, पण तो तोंडाचा फटकळ. ताईच्या दारात परक्याने आवाज चढवण्यापेक्षा आपणच शिव्या खाव्यात, म्हणून तो स्वतः आला.

काचघरात केशरी फुलांच्या कुंड्या दाटीने मांडल्या होत्या. ताईने चहा पुढे केला. "तोंड का उतरलंय?"

"ही फुलं काढावी लागतील. सगळी."

"कीड लागलीय?"

"कीड असती तर परवडलं असतं. तपासणीत निघालं, हा रंग दुसऱ्याच झाडाच्या जनुकाचा आहे. कधीकाळी कुणी प्रयोगशाळेत घातला आणि बी फिरत फिरत बाजारात आलं. जनुक बदललेलं रोप परवानगीशिवाय विकायचं नाही, ठेवायचंही नाही. कायदा आहे."

"मी तर नुसतं पाणी घातलं रे!"

"तुझ्यावर ठपका नाही, ताई."

"मग शिक्षा मला का? आणि फूल खातंय कोण?"

"कायदा लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे धान्य होतं. फुलं कुणाच्या ध्यानातच आली नाहीत. मी वर कळवलंय. समिती बसलीय."

"बसलीय ना? मग उठणार कधी?"

त्याने कोट काढला आणि पहिलं रोप ओढलं. देठ तुटून हातात आला. ताई हाताची घडी घालून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"मुळासकट ओढ. साधं रोप उपटता येत नाही, म्हणे निरीक्षक!"

मग दोघांनी मिळून पोती भरली. त्याने पोत्यांना मोहर लावली, भट्टीकडे जाणाऱ्या गाडीत चढवली. ताई निरोपाला दारात आली नाही. त्यानंतर तिचा फोनही आला नाही.

पुढच्या वर्षी समिती उठली. खाण्यात न येणारी, रानात न पसरणारी शोभेची फुलं कायद्यातून वगळली. त्याने कचेरीतूनच ताईला फोन लावला.

"म्हणजे ठेवली असती तर चाललं असतं?" तिने विचारलं.

"आज चाललं असतं. तेव्हा नाही."

त्याने डोळे मिटून डोकं भिंतीला टेकवलं.

"जेवलास का?" ताई म्हणाली.

"अजून नाही."

"मग ये इकडेच. आणि कायद्याचं काही बोलू नकोस."