आठ पदर

पुष्पावतीच्या जिभेवर पाढे लहानपणापासून बसले होते. वडील रोज दिवेलागणीला परवचा म्हणून घेत. तेच पाढे मॅट्रिकला तिच्या मुळावर आले. घातांकाच्या गणितात दोनाच्या डोक्यावर बारीक तीन दिसला, की डोकं चालायच्या आत जीभ ‘बे त्रिक सहा’ म्हणून मोकळी. डोक्यावर दोन असला तर ‘बे दुणे चार’, आणि ते नेमकं बरोबर यायचं. त्यामुळे चूक कुठं होतेय ते तिला कळेचना, आणि मार्चमध्ये ती गणितात गेली.

नवरा वारल्यापासून घरात ती आणि सासू गोजरबाई, दोघीच. पास झाली तर नगरला मास्तरणीचं ट्रेनिंग मिळणार होतं. सासूनं बजावलं होतं, ऑक्टोबरला पडलीस तर पुस्तकं माळ्यावर. म्हातारीला आपण जवळच हव्या आहोत, असं पुष्पावतीनं धरून ठेवलं होतं. तिला त्याचा रागही येत नव्हता. उतारवयात एकटं राहणं कुणाला आवडतं?

परीक्षेच्या सकाळी गोजरबाईनं तिला गोधडीसाठी जुनं लुगडं दुमडायला दिलं. पोरीचं चित्त थाऱ्यावर कुठलं! दोनदा दुमडायचं ते तिनं तीनदा दुमडलं. सासू करवादली, “आठ पदर झालं की गं. सुई जायाची न्हाई, अन् पाय उघडं पडत्याल.”

राहुरीच्या केंद्रावर पेपरात आलंच: दोनावर तीन, अधिक तीनावर दोन गुणिले दोन. सोपं रूप द्या. सवयीनं तिनं सहा लिहिला आणि हात थांबला. सकाळी तीनदाच दुमडलं होतं, तरी पदर सहा नव्हते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. म्हणजे तीन वेळा दोन मांडून एकमेकांना गुणायचं! तिनं सहा खोडून आठ केला. तीनावर दोन म्हणजे तीन त्रिक नऊ. नवाची दुप्पट अठरा, त्यात आठ, सव्वीस. पुढची गणितं तिनं ओठ घट्ट मिटून सोडवली.

संध्याकाळी गोजरबाई ओट्यावर टाके घालत बसली होती. लुगड्यानं कसं तारलं ते पुष्पावतीनं सांगितलं. म्हातारीला गणित कळलं नाही, पण सून पास होणार एवढं कळलं आणि तिचे डोळे भरले. ही गोधडी एवढ्या घाईनं कुणासाठी, असं पुष्पावतीनं विचारलं.

“तुलाच. नगरच्या बोर्डिंगात थंडी लई असती म्हनं. मार्चातच काढून ठिवलं हुतं लुगडं.”

“मग पुस्तकं माळ्यावर टाकीन म्हणत होता ते, आत्याबाई?”

“तसं म्हनल्याबिगर तू नेटानं बसली असतीस व्हय?”

 पुष्पावतीनं दुसरी सुई ओवली आणि सासूच्या समोरच्या कडेनं शिवायला घेतलं.