चाळिसावा खोका

मित्रांनो, औषधांच्या गोदामात दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेला मी एक जुना स्कॅनर आहे. माझ्या काचेवर ओरखडे आहेत, पिवळं बटण झिजून गुळगुळीत झालं आहे आणि बॅटरी कशीबशी दुपारपर्यंत दम धरते. तरी मला वाचता येतं, आणि वाचण्यासाठीच तर माझा जन्म झाला.

कारखान्यात मी पहिला धडा गिरवला तो बारकोडचा. त्या काळ्या-पांढऱ्या रेषा तुम्हाला सगळ्या सारख्याच दिसतात, पण त्यांना मोठी शिस्त असते. ०१ आला की पुढचे चौदा अंक वस्तूची ओळख सांगतात. १७ आला की पुढे मुदतीची तारीख. १० म्हणजे बॅच, एका घाण्यात तयार झालेला माल. आणि २१ म्हणजे त्या एकाच खोक्याचा स्वतःचा क्रमांक. खोका मुका असला तरी त्याची सगळी कुंडली मला वाचता येई.

गोदामात मोजणी करणाऱ्या काकूंच्या हातात मी नऊ वर्षं राबलो. त्यांनी मला कधी आपटलं नाही. डबा खायला बसण्याआधी त्या रुमालानं माझी काच पुसत आणि मगच हात धुवायला जात. नवं कोणी आलं की कौतुकानं सांगत, याच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही.

मग दारात कमान आली. खोक्यांवर बारकोडच्या शेजारी आणखी एक चिठ्ठी चिकटू लागली, तिच्या पोटात बारीकशी चिप. तिला आरएफआयडी टॅग म्हणतात. मला एकेक खोका समोर धरावा लागे, पण कमान रेडिओलहरींनी साद घाली आणि पन्नास खोके एका दमात आपापला क्रमांक सांगून मोकळे होत. त्या क्रमांकावरून संगणक बॅच आणि मुदत शोधून काढी. ओळख तीच, फक्त सांगायची तऱ्हा वेगळी.

मी खणात गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण काकूंचे गुडघे दुखत, आणि आता त्यांचं वाकणं-चढणं वाचलं होतं. मग रागावणार तरी कुणावर? त्या मात्र दर सोमवारी न चुकता मला चार्जिंगला लावत.

एके सकाळी कारखान्यातून निरोप आला. लहान मुलांच्या तापाच्या औषधाच्या एका बॅचवर मात्रा चुकून दुप्पट छापली गेली होती. त्या बॅचचे चाळीस खोके आमच्याकडे आले होते, ते सगळे परत हवे होते. एकोणचाळीस मिळाले. चाळिसावा ना फळीवर होता, ना त्याच्या बाहेर गेल्याची नोंद होती. अंगणात मुलांच्या दवाखान्याचा ट्रक माल भरून निघण्याच्या बेतात होता. कमान सांभाळणाऱ्या साहेबांनी कमानीनं केलेली ट्रकची यादी दोनदा तपासली. त्यात तो खोका नव्हता.

काकूंनी विचारलं, मधोमध दबलेल्या खोक्याचा टॅग कमानीला ऐकू येतो का? साहेबांनी हातातली यादी खाली ठेवली. मग म्हणाले, "नेहमी नाही. भोवती बाटल्याच बाटल्या असतील तर पातळ औषध लहरी गिळून टाकतं."

काकूंनी खण उघडून मला बाहेर काढलं, परत मागवलेल्या बॅचचा क्रमांक माझ्यात भरला आणि ट्रक रिकामा करायला सांगितलं. ट्रकवाले दादा कुरकुरले, "काकू, उशीर झाला की बोलणी मला खावी लागतात."

"बोलणी तुम्ही खा दादा, पचतील. त्या खोक्यातलं औषध पोराला पचायचं नाही."

दादांनी इंजिन बंद केलं. साहेब बाह्या सरसावून स्वतः ट्रकमध्ये चढले. ते आणि दादा खोके उतरवत, काकू प्रत्येकाचा बारकोड माझ्यासमोर धरत. शंभर झाले, दीडशे झाले. माझा लाल दिवा लुकलुकू लागला. बॅटरी संपत आली होती.

मग एक खोका आला, त्याच्या बारकोडवरच कुणीतरी पारदर्शक चिकटपट्टी मारली होती, तीही चुरगळलेली. मी तीनदा प्रयत्न केला, पण रेषा जुळेनात. मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

काकूंनी चष्मा नीट केला. रेषांखाली तेच अंक बारीक अक्षरांत छापलेले असतात. त्यांनी १० शोधला आणि त्यापुढचा बॅचचा क्रमांक एकेक अंक मोठ्यानं वाचत माझ्या बटणांवर दाबला. माझ्या पडद्यावर उमटलं : हीच बॅच. आणि मी विझलो.

पुढचं मला चार्जिंग झाल्यावर कळलं. काकूंनी तो खोका परत पाठवायच्या ढिगात ठेवला होता आणि दादांनी त्यांना पाणी आणून दिलं होतं. साहेबांनी त्याच दिवशी दोन नियम केले : पातळ औषधांचा ट्रक कमानीखालून गेला तरी मोजणी माझ्याकडूनही व्हायची, आणि बारकोडवर चिकटपट्टी मारायची नाही. तेव्हापासून मी खणात नाही, या खिळ्यावर असतो.

त्या खोक्यातल्या बाटल्या कोणत्या मुलांच्या हाती पडल्या असत्या, हे मला ठाऊक नाही. ती मुलं बरी होऊन घरी गेली असतील. त्यांना काकू माहीत नाहीत, आणि तेच बरं झालं.

मित्रांनो, तुमची एक चिठ्ठी नीट लावलेली असली, एक काच पुसलेली असली, तर दूर कुठंतरी एखादं संकट घडतच नाही. न घडलेल्या संकटाबद्दल कुणी पाठ थोपटायला येत नाही. तरीही काच पुसत जा.