तिसऱ्या फेरीचे मार्क

सासऱ्याचे कान म्हणजे कंपनीत शेवटचा शब्द. बावीस वर्षं तो प्रत्येक नव्या गाडीत ड्रायव्हरशेजारी डोळे मिटून बसायचा आणि आतल्या आवाजाला दहापैकी मार्क द्यायचा. त्याने सात म्हटलं की सात. पुढे कुणी ब्र काढत नसे.

जावयाला तिथे त्यानेच चिकटवलं होतं आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. चारचौघांत म्हणायचा, जावईबापूंना कान आहेत, पण चष्मा अडकवण्यापुरते. लोक हसायचे. जावईही हसायचा आणि मनात एकेक गाठ मारून ठेवायचा.

जावयाचं काम होतं घरघर मारायचं. चाकं धावली की गाडीत एक खोल घरघर भरते. छतातले माईक ती टिपतात आणि दारांतल्या स्पीकरमधून तिच्या नेमकी उलटी लाट सुटते. एक वर चढते तेव्हा दुसरी खाली उतरते, आणि दोघी एकमेकींना गिळून टाकतात. मात्र कॉम्प्युटरवर अधिकच्या चिन्हाचं वजा केलं, की घरघर मरायच्या ऐवजी दुप्पट होते.

घरी सगळे एकत्रच राहायचे. अलीकडे सासरा जेवताना जावयाला एकच गोष्ट दोनदा विचारायला लागला होता. जावयाने ताडलं, म्हाताऱ्याचे कान गेले. तरी निवृत्तीनंतर आणखी दोन वर्षं त्यालाच ठेवायचं नव्या साहेबांच्या मनात होतं, आणि जावयाचा डोळा तर त्याच जागेवर. त्याने साहेबांच्या कानावर घातलं, म्हाताऱ्याला आता ऐकू येत नाही, हवं तर स्वतः बसून बघा. साहेब तयार झाले.

तीन फेऱ्या ठरल्या. जावई चालवायला, सासरा शेजारी, साहेब मागे. पहिल्या फेरीत यंत्रणा बंद होती. सासऱ्याने पाच दिले. दुसरीत चालू होती, आठ दिले. तिसरीच्या आधी जावयाने चिन्ह उलटं केलं.

खडबडीत पट्ट्यावर गाडी आली आणि काचा थरथरायला लागल्या. घरघर थेट छातीत उतरली. साहेबांनी कानांवर हात दाबले. सासऱ्याने डोळे उघडून क्षणभर जावयाकडे बघितलं, पुन्हा मिटले.

"नऊ," तो म्हणाला.

दुपारी साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. महिनाअखेरीस मोकळे व्हा, आता वय झालं, एवढंच सांगितलं.

संध्याकाळी घरासमोर गाडी थांबली तरी सासरा उतरेना.

"तिसऱ्या फेरीत तुमच्या यंत्रणेचं काय बिघडलं होतं?" त्याने विचारलं.

जावयाचा हात किल्लीवरच राहिला. "तुम्हाला ऐकू आलं?"

"बहिऱ्यालाही आलं असतं. मागे साहेब बसलेले. खरं सांगितलं तर तुमची नोकरी जाईल, पोरीच्या संसाराचं काय होणार? म्हटलं, माझा शब्द आहे, साहेब स्वतःच्या कानांवर भरवसा ठेवणार नाहीत."

"मग जेवताना दोनदोनदा विचारता ते?"

"तुम्ही तोंडातल्या तोंडात पुटपुटता, जावईबापू."

जावयाने किल्ली काढून घेतली. मग शांतपणे म्हणाला, "म्हणजे बावीस वर्षं तुम्ही नाती बघूनच मार्क दिलेत."

 सासरा दार उघडून उतरला.

दुसऱ्या दिवशी जावयाने साहेबांना हेच सांगितलं. आपण चिन्ह उलटं केलं होतं हे त्यांना ठाऊक होतंच, ती परीक्षा दोघांनी मिळूनच ठरवली होती. माणूस बहिरा नाही, लबाड आहे, एवढी भर त्याने घातली. निरोपसमारंभ रद्द झाला. जुने सगळे अहवाल पुन्हा तपासायला काढले. ती जागा जावयाला मिळाली.

तुम्हाला असं अचानक का काढलं, हे लेकीने बापाला खोदून खोदून विचारलं. कान गेले माझे, तो म्हणाला. तेव्हापासून ती त्याच्याशी ओरडून बोलते, एकेक शब्द तोडून. तो मान हलवतो. जावई शेजारच्या खोलीत असतो, त्याला सगळं ऐकू येतं.